दिवसभर मीटिंगमध्ये, तरी कुणाशी बोलले नाही

प्रिय ताई,

मी मूळची उदगीरची. २०२० मध्ये इंजिनिअरिंग झालं आणि त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर पुण्यातल्या एका आयटी कंपनीत टेस्टर (सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी) म्हणून लागले. लॅपटॉप कुरिअरने घरी आला. गावी लाइट जायची, मीटिंगच्या मध्येच नेट तुटायचं, म्हणून गेल्या जुलैत वाकडला दोघींबरोबर फ्लॅट शेअर करून राहायला आले. ऑफिस हिंजवडीत, इथून जवळच, पण मी अजून त्याचं गेटसुद्धा पाहिलेलं नाही. या जानेवारीत (२०२२) बोलावणार होते. मी दोन नवे कुर्तेही घेऊन ठेवले. तेवढ्यात करोनाची तिसरी लाट आली आणि मेल आला, पुढची सूचना मिळेपर्यंत घरूनच काम करा.

आता एक फ्लॅटमेट गावी गेली आहे. दुसरी रात्रपाळी करते, मी उठते तेव्हा ती झोपते. टीममध्ये आम्ही नऊ जण, त्यातले माझ्यासकट चौघं पुण्यात, बाकीचे आपापल्या गावी. सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात. टीम लीडचा आवाज मी झोपेतही ओळखेन, पण समोरून गेला तर चेहरा ओळखणार नाही. कामात अडलं की तीन-तीन तास एकटीच झगडत बसते, मध्येच कुणाला त्रास कसा द्यायचा? मागच्या सोमवारी स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला) माझी पाळी आली तर आवाजच फुटेना. मग लक्षात आलं, शुक्रवारी संध्याकाळपासून मी कुणाशी मोठ्याने बोललेच नव्हते. आईलाही दोन दिवस मेसेजच केले होते, कारण फोनवर तिला आवाजावरून सगळं कळतं.

नोकरी सोडून गावी जाऊ का? की मुळात मीच घुमी आहे?

– एक वाचक, वाकड


तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तू घुमी नाहीस. घुम्या माणसाला दोन दिवस न बोलता गेले तर बरंच वाटतं. तुला ते खुपलं, त्यावर तू एवढं लांब पत्र लिहिलंस, आणि ऑफिस सुरू होणार म्हटल्यावर दोन कुर्ते घेऊन ठेवलेस. माणसांत जायला निघालेली मुलगी आहेस तू, आणि ऐन वेळी वाट बंद झाली.

तुझी अडचण तुझ्या टीममधल्या जुन्या लोकांपेक्षा वेगळी आहे आणि ती त्यांच्या लक्षातही आली नसेल. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले दोन रुग्ण पुण्यात सापडले, २५ मार्चला सगळा देश बंद झाला. त्या दोन आठवड्यांत जे लोक लॅपटॉप उचलून घरी गेले ते ओळखी बरोबर घेऊन गेले. कुणाला सकाळी अकराच्या आत काही विचारायचं नाही, कोण बोलायला कडक पण मदतीला पहिला धावतो, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे त्यांना माहीत होतं. दोन वर्षं त्यांनी त्या शिदोरीवर काढली. तू आलीस तेव्हा शिदोरी बांधून द्यायला कुणी नव्हतंच. तुझ्या टीम लीडने कॅमेरा बंद ठेवला तरी जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे त्याचा चेहरा येतो. तुझ्यापुढे फक्त नावाची दोन अक्षरं येतात.

तू एकटी नाहीस, हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. करोना यायच्या खूप आधी, २०१० च्या अखेरीस, तिकिटं आणि हॉटेल बुकिंग करणाऱ्या सीट्रिप या चिनी कंपनीने शांघायच्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी त्यात होते. घरून काम करायला आपण होऊन तयार झालेल्या लोकांमधून ज्यांची जन्मतारीख सम, त्यांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. विषम तारखेवाले ऑफिसात. नऊ महिने हे चाललं. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणारे कमी झाले. कंपनी खूश. मग लोकांना सांगितलं, आता तुमचं तुम्ही ठरवा. तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे ऑफिसात परत आले. मोठं कारण होतं एकटेपणा.

हे लोक स्वतः हात वर करून घरी गेले होते, हे लक्षात घे. आठवड्यातून एक दिवस ते ऑफिसात जात होते. बाहेर साथ नव्हती, शहर उघडं होतं, संध्याकाळी मित्र भेटत होते. तरी नऊ महिन्यांत त्यांना माणसांची ओढ लागली. तुला सव्वा वर्ष झालं, तो एक दिवसही तुझ्या वाट्याला आला नाही आणि तुझी निवड कुणी विचारली नाही. तुला जे होतंय ते कुणालाही झालं असतं.

आता नेमकं काय हरवलंय ते पाहू, कारण ते कळलं नाही तर उपाय भलतीकडेच होतो. मीटिंग तुला भरपूर आहेत. मैत्रिणीही असतील, कॉलेजच्या ग्रुपवर रोज गप्पा चालत असतील. तुला मिळत नाहीये ते अर्धवट ओळखीच्या माणसांशी होणारं, कामापुरतं नसलेलं बोलणं. हिंजवडीत कंपन्यांच्या गेटाबाहेर चहाच्या टपऱ्या आहेत. चारच्या सुमाराला तिथे जी गर्दी व्हायची तिच्यात सगळे जिवलग नसायचे. वरच्या मजल्यावरचा कुणी, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारी कुणी, लिफ्टमध्ये रोज दिसणारा कुणी. कटिंग संपेपर्यंतच्या पाच मिनिटांत कळायचं की अमक्या प्रोजेक्टमध्ये माणसं घेतायत, तमका मॅनेजर चांगला आहे, आणि 'तुझ्यासारखाच बग आमच्याकडे आला होता, त्या मुलाला विचार.' नवा माणूस निम्मं काम तिथे शिकतो.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी १९७३ मध्ये यावरच लिहिलं. ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ही खबर तुम्हाला कुणी दिली? बहुतेकांना ती घट्ट मित्रांकडून मिळालीच नव्हती, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मिळाली होती. आणि साथीत नेमकी हीच ओळख आटली. मायक्रोसॉफ्टने आपल्या अमेरिकेतल्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांचे ईमेल, कॉल, मीटिंग यांचा हिशोब मांडला आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तो छापून आला. सगळे घरून काम करायला लागल्यावर लोक आपल्याच गटात जास्त बोलू लागले आणि दुसऱ्या गटातल्या लोकांबरोबर जाणारा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी घटला. तुझ्याकडे तर आपला गटही धड नाही.

म्हणून शुक्रवारची ऑनलाइन हाऊजी तुझ्या उपयोगाची नाही. चाळीस जण जोडलेले, पाच जण बोलतात, बाकीचे म्यूटवर राहून दुसऱ्या खिडकीत काम उरकतात. कंपन्या मनापासून ठेवतात हे कार्यक्रम, पण नव्या मुलीला त्यातून कुणी मिळत नाही. दोन माणसांनी फोनवर दहा मिनिटं बोलावं, त्यानेच फरक पडतो. तिथून सुरुवात कर.

सुरुवातीला कामच हाताशी घे, कारण गप्पा मारायला फोन करायचा तुला संकोच वाटणार. तीन तास झगडतेस ना, तिथेच दार आहे. उद्यापासून अर्ध्या तासाची मर्यादा घाल. अर्धा तास प्रामाणिकपणे शोधायचं, मग विचारायचंच. फक्त नुसतं 'हाय' टाकून वाट पाहत बसू नकोस. समोरचा ते पाहतो, पुढे काय येणार कळत नाही, तो नंतर बघू म्हणतो आणि तुला वाटतं त्याने मुद्दाम उत्तर दिलं नाही. पहिल्याच मेसेजमध्ये सगळं लिही. म्हणजे असं:

'पेमेंट झाल्यावर रिसीटचा स्क्रीन रिकामा येतोय. मी दुसरा टेस्ट डेटा घेऊन पाहिला, ब्राउजर बदलून पाहिला, लॉग सोबत जोडलाय. मला वाटतंय सेशन संपत असावं, पण खात्री नाही. साडेतीननंतर दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?'

हे वाचून कुणी वैतागत नाही. तू आधी खटपट केलीस हे दिसतं, तुझा अंदाज दिसतो, किती वेळ लागेल ते कळतं, आणि त्याची सोय तू त्याच्यावर सोडलेली आहेस. शेवटचं वाक्य सोडू नकोस. चॅटवर उत्तर मिळतं, माणूस मिळत नाही. फोन लागला की कामाचं बोलून होतं, मग 'तुमच्याकडे मागे कुकरची शिट्टी वाजतेय' असं काहीतरी निघतंच. काम झाल्यावर संध्याकाळी एक ओळ पाठव, 'तुम्ही म्हणालात तसंच निघालं, टिकिट बंद केलं', म्हणजे त्या अडचणीची नोंद मिटवली. ती ओळ बहुतेक लोक पाठवत नाहीत. ज्याला ती मिळते तो पुढच्या वेळी तुझा फोन पहिल्या रिंगला उचलतो.

'त्रास कसा द्यायचा' असं तू लिहिलंयस. अगं, ज्याला तू विचारणार तोही एका खोलीत दार लावून स्क्रीनपुढे बसलेला आहे. त्यालाही दिवसभरात कुणी माणूस म्हणून विचारलेलं नाही. आपल्याला येणारी गोष्ट कुणीतरी विचारावी, याने माणूस सुखावतो. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी असतं तर तू दिवसातून दहा वेळा मान वळवून विचारलं असतंस आणि त्याला तू त्रास म्हणाली नसतीस.

दुसरं काम टीम लीडकडे. पंधरा मिनिटं वेगळी माग, मोठ्या मीटिंगच्या शेपटाला नको. तक्रारीचा सूर लावायची गरज नाही, मागणी नेमकी असू दे: 'मी जॉइन झाले ती ऑनलाइनच, त्यामुळे कुणाकडे काय विचारायचं ते मला अजून नीट कळत नाही. टीममधल्या एका सीनियरबरोबर दर बुधवारी वीस मिनिटं स्क्रीन शेअर करून बसता येईल का?' एकच माणूस, ठरलेला वार, ठरलेली वेळ. हे नाकारायला कुठल्याही टीम लीडकडे कारण नसतं. आणि त्या पंधरा मिनिटांत एवढंही म्हण, 'दोन मिनिटं कॅमेरा चालू करायचा का? मी तुम्हाला अजून पाहिलेलंच नाही.' तो दचकेल, मग करेल. तिथून पुढे त्याचा आवाज एका चेहऱ्यातून येईल.

हे सदर टीम लीड मंडळीही वाचतात, त्यांच्याशी दोन शब्द बोलते. तुमच्या टीममध्ये २०२० च्या मार्चनंतर आलेली मुलं किती, ते आज बघा. त्यांतल्या प्रत्येकाशी शेवटचं डेडलाइन सोडून कधी बोललात ते आठवा. त्यांना तुमचा राग नाही, तुमची भीती वाटते, कारण त्यांनी तुम्हाला कधी हसताना पाहिलेलं नाही. आठवड्याला प्रत्येकी दहा मिनिटं काढा. 'काही अडचण?' असं विचारू नका, त्याला 'नाही सर' हेच उत्तर येतं. 'या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?' असं विचारा आणि गप्प राहून ऐका. ती तीन तासांची झटापट तुम्हाला तिथे कळेल, आणि ती तुमच्याही डेडलाइनमधूनच वजा होत असते.

परत तुझ्याकडे. दर शुक्रवारी लीडला तीन ओळी लिहायची सवय लाव: या आठवड्यात काय तपासलं, काय सापडलं, पुढच्या आठवड्यात काय. मघाशी सांगितलेल्या त्या शांघायच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. काम तेवढंच चांगलं असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. डोळ्यांआडचं काम मोजलं जात नाही, म्हणून आपलं आपण समोर ठेवायचं. यात मिरवणं काही नाही.

आता पुण्यातल्या चौघांचं. पत्रात ते तू ओझरतं लिहिलंस, पण माझ्या मते तुझ्याकडे आहे ते सगळ्यात मोलाचं हेच. तुम्ही चौघंच आहात. हॉटेलच्या बंद हॉलमध्ये भेटू नका, विषाणू कोंडलेल्या हवेत पसरतो. उघड्यावर भेटा, आणि पुण्याइतकी उघडी जागा कुठल्या शहराला आहे? कुणी कोथरूडकडचं असेल तर वेताळ टेकडी, तुझ्या बाजूला बाणेरची तुकाई टेकडी. जानेवारीत सातच्या पुढे उजाडतं. रविवारी साडेसातला पायथ्याशी जमा, मास्क लावून चढा, वर अंतर ठेवून बसा. ज्याला थोडासाही खोकला असेल त्याने यायचं नाही, आणि त्याबद्दल कुणी त्याला चिडवायचं नाही. कुणाच्या घरी साठी ओलांडलेलं माणूस असेल तर तेही आधी विचारून घ्या.

पहिला मेसेज तुलाच टाकावा लागेल. ग्रुपवर 'कधीतरी भेटूया ना' असं टाकलंस तर तिघंही अंगठा देतील आणि कुणी येणार नाही. एकेकाला वेगळा मेसेज कर, वार-वेळ-जागा लिहून कर: 'रविवारी साडेसातला तुकाई टेकडीच्या पायथ्याशी येतेय, तासाभरात परत. येणार का?' तिघांपैकी एक आला तरी ती भेट झाली असं धर. वर गेल्यावर कामाचा विषय निघाला तर निघू दे. निघेलच, आणि ज्या गोष्टी चॅटवर कुणी लिहून देत नाही त्या तिथे कळतील.

आणि संक्रांत आताच झालीय. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. म्हणजे कुणाचंही दार वाजवायला तुझ्याकडे अजून दिवस आहेत. समोरच्या फ्लॅटची बेल वाज, मास्क लावून उंबऱ्याबाहेरूनच तिळगुळाची पुडी दे आणि सांग, 'मी समोर राहते, उदगीरची आहे, घरूनच काम करते.' बस्स. वाकडच्या सोसायट्यांत निम्मी माणसं बाहेरगावची असतात, समोरच्या दारामागेही कदाचित कुणी नांदेडचं, सोलापूरचं निघेल. खाली वॉचमन काका असतील, इस्त्रीवाला असेल, भाजीवाली असेल. त्यांची नावं माहीत करून घे आणि रोज नावाने हाक मार. तुला वाटेल, कंपनीतल्या एकटेपणावर भाजीवालीचा काय उपयोग? खूप आहे. सोमवारी सकाळी आवाज फुटायचा असेल तर रविवारी त्या आवाजाला कुठेतरी काम मिळायला हवं. आजारी पडलीस आणि सात दिवस खोलीत बसायची वेळ आली, तर दाराशी दूध ठेवणारं कुणीतरी ओळखीचं लागेल, हाही विचार आहे त्यात.

आईचं मात्र मला काळजीचं वाटलं. आवाजावरून तिला कळतं म्हणून तू फोन टाळतेस, आणि फोन आला नाही यावरून तिला कळत नसेल असं वाटतं का तुला? मुलीचा दोन दिवस फक्त मेसेज आला की आई उदगीरला अंदाज बांधत बसते, आणि तो खऱ्यापेक्षा वाईटच असतो. तिला सगळं ओतून सांग असं मी म्हणत नाही. एवढं सांग, 'ऑफिस सुरू होणार होतं, ते पुढे ढकललं, त्यामुळे जरा उदास वाटतंय.' हे कुठल्याही आईला समजतं. आणि फोनवर समोरासमोर बोलायला सुचत नसेल तर संध्याकाळी स्वयंपाक करताना व्हिडिओ कॉल लाव, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेव. तू इकडे फोडणी देतेस, ती तिकडे शेंगा निवडतेय. मध्येच ती म्हणेल, अगं जिरं करपेल. 'जेवलीस का, झोपलीस का' या ठरलेल्या प्रश्नांच्या पुढचं बोलणं अशा वेळीच होतं.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. स्टॅनफर्डचेच जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ च्या फेब्रुवारीत लिहिलं की व्हिडिओ मीटिंगने माणूस थकतो त्याची कारणं साधी आहेत: इतके चेहरे इतक्या जवळून टक लावून पाहत असतात, स्वतःचा चेहरा सतत समोर असतो, जागचं हलता येत नाही, आणि मान डोलावणं, हातवारे हेसुद्धा मुद्दाम करावे लागतात. म्हणून दिवसभर कॅमेरा चालू ठेव असं मी सांगणार नाही. दोघांच्या कॉलमध्ये सुरुवातीला पाच मिनिटं चालू ठेव, स्वतःचा चौकोन लपवून ठेव, बाकी बोलणं फोन कानाला लावून गच्चीवर चालत चालत कर.

काम संपवण्याची वेळ ठरव, आणि ती झाली की लॅपटॉप बॅगेत घालून बॅग नजरेआड ठेव, पलंगावर नको. भूमकर चौकातला ट्रॅफिक कुणाला हवाहवासा वाटत नाही, पण त्या तासाभरात डोक्यातलं ऑफिस उतरायचं. तू निदान अर्धा तास खाली चालून ये.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. उदास वाटणं, कशातच रस न वाटणं, झोप उडणं किंवा सारखं झोपून राहावंसं वाटणं, जेवण न जाणं, विनाकारण रडू येणं, यातलं बरंचसं जर दोन आठवडे रोज होत असेल तर टेकडी आणि तिळगूळ पुरे पडणार नाहीत. मग समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलायचं, ताप उतरला नाही की डॉक्टरकडे जातो तसंच. अनेक आयटी कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची मोफत सोय असते, ती आहे का ते एचआरला विचार. बोललेलं गुप्त राहतं ना, हेही विचारून घे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन चोवीस तास चालते, नंबर १४४१६, मराठीतून बोलता येतं. आणि जगणं नको वाटण्याचा विचार एकदा जरी आला, तर दोन आठवडे मोजत बसू नकोस. त्याच क्षणी फोन कर, झोपलेल्या फ्लॅटमेटलाही उठव.

आता नोकरीचं. आज निर्णय घेऊ नकोस. या मनःस्थितीत दिलेला राजीनामा कामाविरुद्ध नसतो, त्या खोलीविरुद्ध असतो, आणि खोली गावीही असते. घराची ओढ खरीच असेल तर सोडून जाण्याआधी पंधरा दिवस लॅपटॉप घेऊन जा. लाइट कधी जाते, नेट कुठे टिकतं ते आधी घरच्यांना विचारून ठेव, मोबाइलचं दुसरं सिम जवळ ठेव, आणि लीडला आधीच कल्पना दे. गावी राहून काम करणं यात कमीपणा काहीच नाही. तुझ्या टीममधले पाच जण तेच करतायत.

मार्चअखेरपर्यंत वेळ घे. तोवर बुधवारची वीस मिनिटं झाली का, शुक्रवारच्या तीन ओळींना कधी उत्तर आलं का, चौघांतलं कुणी एकदा तरी भेटलं का, ते पाहा. मागूनही यातलं काहीच मिळालं नाही तर खुशाल दुसरी नोकरी बघ, पण ती हातात आल्यावरच ही सोड. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतात तेव्हा पगाराच्या आधी हे विचार: नव्या माणसाला पहिल्या महिन्यात कोण शिकवतं, तो आणि मी आठवड्यातून किती वेळ बोलणार, आणि घरून काम असेल तर टीम प्रत्यक्ष कधी भेटते? जिथे एखाद्या माणसाचं नाव घेऊन उत्तर मिळेल तिथे हो म्हण.